कचऱ्याचा चषक

आमच्या कॉलेजच्या मागच्या कुंपणाला लागून कचऱ्याचा एक ढीग होता. त्याला ढीग म्हणणं म्हणजे पन्हाळ्याला टेकाड म्हणण्यासारखं आहे. पावसाळ्यात त्याच्या माथ्यावर ढग अडायचे. नवीन आलेले विद्यार्थी त्याच्यासमोर उभे राहून सेल्फी काढायचे आणि घरी पाठवताना सांगायचे, आमच्या कॉलेजला डोंगर लागूनच आहे. मी जे सांगतोय त्यातलं थोडं कमी करून घ्या, पण फार कमी करू नका, कारण तो ढीग खरोखरच मोठा होता आणि त्याच्यामुळे आमच्या क्रीडासरांचं मैदान जाणार होतं.

झालं असं, की घंटागाडीवाल्यानं एक दिवस फाटकात गाडी उभी केली, ढिगाकडे बघितलं, हात जोडले आणि निघून गेला. ओला-सुका वेगळा केलेला नसेल तर उचलणार नाही, असा निरोप त्यानं वॉचमनपाशी ठेवला. झालं. प्राचार्यांनी सगळ्यांना मीटिंगला बोलावलं. आमचे प्राचार्य शांत गृहस्थ. आवाज इतका हळू, की मीटिंगमध्ये पंखा बंद करावा लागतो. ते कधीच कुणाला ओरडत नाहीत. फक्त ‘असं पहा’ म्हणतात, आणि त्यांनी ‘असं पहा’ म्हटलं की अनुभवी माणसं खुर्चीचे हात घट्ट धरतात.

“असं पहा,” ते म्हणाले, “कचरा साठवायला आणि वेगळा करायला एक मोठं शेड लागेल. जागा एकच मोकळी आहे.” आणि त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. नकाशात आमच्या फुटबॉलच्या मैदानाचा अर्धा भाग तांबड्या शाईनं रंगवलेला होता. ढिगाकडचा गोलपोस्ट बरोबर शेडच्या दारात येत होता.

माझ्या शेजारी क्रीडासर बसले होते. हा माणूस तरुणपणी आपल्या पेठेच्या संघाचा गोलकीपर होता. उंची अशी, की हात वर केला तर क्रॉसबारला खाजवता येईल, आणि छाती अशी, की विरोधी संघ पेनल्टी मारण्याऐवजी तह करायचा. मीटिंगमध्ये त्यांचा आवाज खिडकीची तावदानं हलवतो. त्या दिवशी मात्र फक्त समोरचा चहाचा कागदी कप त्यांच्या मुठीत चपटा झाला. चहासकट.

ते मैदान त्यांनी तयार केलेलं आहे. आधी तिथे नुसता मुरूम होता, खेळाडू पडला की गुडघ्यांवर जिल्ह्याचा नकाशा उमटायचा. क्रीडासरांनी माती आणून टाकली, रोलर फिरवला, हरळी लावली. उन्हाळ्यात ते त्या गवताला पाइपनं पाणी घालतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तो मी फक्त बाळंतिणीच्या खोलीत बघितलेला आहे. मैदानातून कुणी चप्पल घालून आडवा गेला तर शिट्टी वाजते. एकदा शिक्षणमंडळाचे पाहुणे आडवे गेले. शिट्टी वाजली. पाहुणे परत गेले आणि वळसा घालून आले.

“सत्र संपेपर्यंत बघतो,” प्राचार्य म्हणाले. “तोपर्यंत कचरा आटोक्यात आला, तर शेडचा पुन्हा विचार करू. नाहीतर सुट्टीत काम सुरू.” मग माझ्याकडे वळून हसले. “तुम्ही गुणवत्ता शिकवता ना? मग हे तुमच्याकडे.”

मी उत्पादन अभियांत्रिकीच्या मुलांना गुणवत्ता सुधारणा हा विषय शिकवतो. कारखान्यात माल खराब का निघतो, ते कसं शोधायचं, एका वेळी एकच बदल कसा करून बघायचा, आकडे कसे मांडायचे, हे सगळं. वर्गात हा विषय घेताना मी इतका रंगतो, की मागच्या बाकावरची मुलं जागी होऊन पुन्हा झोपतात. पण या विषयानं कुणाचं मैदान वाचवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

मीटिंगमधून बाहेर पडताच क्रीडासरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांदा अजून त्या बाजूला जरा खाली आहे.

“मास्तर,” ते म्हणाले, “आजपातूर तुझ्या त्या गुणवत्तेला मी कधी हसलो का?”

“रोज हसता.”

“इथनं पुढं न्हाय हसणार. पर मैदान वाचीव.”

मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांचा एक गट केला. त्यात हुपरीची एक मुलगी होती. घरी चांदीचं काम, पैंजणांच्या कड्या जुळवत लहानाची मोठी झालेली, त्यामुळे नजर बारीक आणि जीभ त्याहून बारीक. आलेख काढायचं काम तिच्याकडे दिलं. पहिल्या दिवशी मी फळ्यावर माशाचा सांगाडा काढला. डोक्याच्या जागी लिहिलं ‘कचरा वेगळा होत नाही’, आणि काट्यांवर कारणं लिहायला मुलांना सांगितलं. क्रीडासर दारात उभे राहून बघत होते.

“कुठला मासा म्हणायचा ह्यो?”

“कारणांचा.”

“काटं लई हायत. खायाला काय हाय ह्यात?”

मुलं हसली. मी गंभीरपणे समजावलं. आधी कारण शोधायचं, मग एक छोटा बदल करायचा, एकाच ठिकाणी, आणि काय होतं ते बघायचं. जमलं तर पुढे न्यायचं, नाहीतर दुसरं काही करून बघायचं. त्याप्रमाणे आम्ही ग्रंथालयाच्या जिन्याखाली निळा डबा ठेवला. कागद आणि प्लॅस्टिकसाठी. बाकी कॉलेजात काहीही बदललं नाही. रोज संध्याकाळी डब्यातलं वजन करायचं आणि हुपरीची मुलगी आलेखावर एक ठिपका द्यायची.

ठिपके बसले एका ओळीत, जमिनीलगत. आलेख असा सपाट, की त्याच्यावर बॅडमिंटन खेळता आलं असतं. मी मुलांना धीर दिला. सुरुवातीला असंच असतं, घाई करायची नाही, आधी बघायचं. दुसऱ्या आठवड्यात डबा जिन्याच्या या बाजूचा त्या बाजूला केला. ठिपका करंगळीएवढा वर चढला. मी इतका खूष झालो की गटाला मिसळ खाऊ घातली.

क्रीडासरांचा मात्र जीव खालीवर होत होता. त्या मिसळीच्या टेबलावरच त्यांनी मला धरलं.

“एक डबा? एका जिन्याखाली? मर्दा, तिकडं माझं मैदान चाललंय आनि तू डबा हिकडनं तिकडं ठेवून बघत बसलायस?”

“एका वेळी एकच बदल, सर. पद्धत आहे ती.”

“तुझी पद्धत पिकंस्तोवर माझ्या गोलपोस्टात भंगारवाला उभा ऱ्हाईल. कोल्हापुरात काम कसं हुतंय म्हायतंय न्हवं? इर्षा लाव. इर्षा लावली की माणूस झोपत न्हाय.”

“इर्षा लावायची नाही,” मी बोट उगारून सांगितलं. “आकडे बिघडतात.”

“बरं,” ते म्हणाले. क्रीडासर ‘बरं’ म्हणाले की ते ऐकणार नाहीत हे मला कळायला हवं होतं, पण त्यांनी माझ्या वाटीत आणखी कट ओतला आणि मी विसरलो.

सोमवारी सकाळी कॉलेजच्या फाटकात फ्लेक्स लागला. अर्ध्या फ्लेक्सवर क्रीडासरांचा गॉगल घातलेला फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत: सुका कचरा चषक. जो विभाग जास्त कचरा गोळा करेल, चषक त्याचा. कँटीनसमोर वजनकाटा ठेवला होता. शेजारच्या टेबलावर चषक, क्रीडासरांच्या कपाटातला, एक कान तुटलेला, पण उंचीनं दुसरीतल्या मुलाएवढा. आणि काट्यापलीकडे दोन गडी हलगी घेऊन उभे.

“हलगी कशाला?” मी विचारलं.

“वजन वाढलं की वाजणार. वातावरण पायजे की!”

मग जे सुरू झालं त्याला वातावरण म्हणणं म्हणजे पंचगंगेच्या पुराला ओल म्हणणं. मेकॅनिकलची पोरं पोती घेऊन रांगेत. सिव्हिलची त्यांना धक्के मारत पुढे. कॉम्प्युटरवाल्यांनी व्हॉट्सअॅपवर गट काढला आणि कुठल्या वर्गात किती कागद पडलाय त्याच्या बातम्या दर मिनिटाला टाकायला लागले. इलेक्ट्रिकलच्या मुली तर वर्ग चालू असताना बाकाखालून कागद ओढून न्यायच्या. एका प्राध्यापकांची टिपणं अशीच गेली आणि पुढचा तास त्यांना आठवेल तसा घ्यावा लागला. प्रत्येक पोत्याला हलगी, प्रत्येक आघाडीला गुलाल. वजन झालेली पोती मागच्या ढिगालाच लागून रचली जायची. ‘मेकॅनिकलचा नाद करायचा न्हाय!’ ‘सिव्हिल म्हंजे जाळ अन् धूर संगटच!’

आणि आलेख! हुपरीच्या मुलीनं ठिपका देण्यासाठी आधी स्टूल घेतलं, मग कागदाच्या वर दुसरा कागद चिकटवला, मग भिंत संपली म्हणून छतावर. वरच्या मजल्यावरच्या भौतिकशास्त्रवाल्यांनी तक्रार केली की तुमचा आलेख आमच्या फरशीतून वर येतोय. मी खोटं सांगणार नाही, मीसुद्धा फुगलो. पद्धत वगैरे ठीक आहे, पण इतकी सुंदर चढण मी तीन-चार पुस्तकांत मिळूनही बघितली नव्हती. मी क्रीडासरांना मिठी मारली. म्हणजे त्यांनी मला मारली. माझे पाय जमिनीवर नव्हते.

फक्त हुपरीची मुलगी पोत्यांत डोकावून बघत होती.

“सर,” ती एक दिवस म्हणाली, “पोत्यात दुधाच्या पिशव्या लई हायत.”

“मग?”

“कँटीनला तर दूध कॅननं येतं. मग कॉलेजात पिशवीचं दूध कोण पितं?”

“तालमीतली मुलं असतील,” मी म्हणालो.

“आणि लग्नाच्या जेवणाच्या पत्रावळ्या? त्या पण तालमीत?”

मी तिला म्हणालो, इतका संशय बरा नव्हे. तिनं वहीत काहीतरी टिपून घेतलं. नंतर एका पोत्यात यंत्राचे सुटे भाग गुंडाळायचा जाड कागद निघाला, वर कागलच्या एमआयडीसीतल्या कुठल्या तरी कारखान्याचा शिक्का. मग एक दिवस सकाळी मी फाटकातून आत येत असताना एक मुलगा रिक्षातून उतरताना दिसला. मागे रिक्षाच्या डिकीत पोतं. पोतं उचलताना त्याची मान खांद्यात गेलेली.

“काय रे हे?”

“सुका कचरा, सर.”

मी पोत्याचं तोंड उघडलं. आत काजूची टरफलं. काळीभोर, तेलकट.

“ही काजूची टरफलं आहेत.”

“सुकीच हायत की, सर.”

“आणलीस कुठनं?”

“आजऱ्यासनं. एसटीनं आणलं. कंडक्टरनं पोत्याचं तिकीट घेतलं.” त्याच्या आवाजात अभिमान होता. “मामाच्या कारखान्यात अजून खोली भरून हाय. मामा म्हणतोय, टेंपो लावू का?”

मी त्याला म्हणालो, मामाला म्हणावं, धीर धर. मग तसाच क्रीडासरांकडे गेलो. ते कँटीनच्या मागे होते, आपल्या मोटारसायकलवरून स्वतः एक पोतं उतरवत. मला बघून ते पोत्यापुढे उभे राहिले. त्यांची रुंदी बघता पोतं खरोखरच दिसेनासं झालं.

“काय आहे त्यात?”

“कशात?”

“तुमच्या मागे आहे त्यात.”

“हां, हे होय? आपल्या पेठंतली रद्दी. पोरांनी गोळा केली. म्हणाली, सर, मैदानासाठी काय पन. आता नको कसं म्हणायचं?”

सगळा जिल्हा आपला कचरा आमच्या कॉलेजात आणून टाकत होता आणि आम्ही हलगी वाजवत होतो.

त्याच दुपारी प्राचार्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ते खिडकीपाशी उभे होते. खिडकीतून पूर्वी मैदानाचा पलीकडचा गोलपोस्ट दिसायचा. आता दिसत नव्हता. ढीग त्याच्या पुढे आला होता.

“असं पहा,” ते म्हणाले. क्रीडासरांनी खुर्चीचे हात धरले. “तुमच्या मोहिमेचं यश थक्क करणारं आहे. इतका सुका कचरा आपल्याकडे निघतो याची मला कल्पनाच नव्हती. त्यामुळे शेडचं माप चुकलं होतं.” त्यांनी नकाशा पुन्हा पसरला. तांबडी शाई आता मध्यरेषा ओलांडून पार दुसऱ्या गोलपोस्टापर्यंत गेली होती. “आता पूर्ण मैदान लागेल.”

बाहेर नेमकी हलगी वाजली. सिव्हिलनं आघाडी घेतली असावी.

क्रीडासर केबिनमधून बाहेर आले आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मी इतक्या वर्षांत त्यांना असं पायरीवर बसलेलं कधीच बघितलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसलो.

“मास्तर,” ते म्हणाले, “मी सोताच्या गोलात गोल मारला व्हय रं?”

“मी पास दिला,” मी म्हणालो. आलेख बघून मीच नाचलो होतो.

चषक तहकूब झाला. यावरून सिव्हिल आणि मेकॅनिकलमध्ये असं काही जुंपलं, की तसं शहरात पेठांच्या सामन्यातही जुंपत नाही. दोन्हीकडचे म्हणाले, आम्हीच जिंकलो होतो. क्रीडासरांनी चषक कपाटात कोंडला आणि किल्ली आपल्या गळ्यातल्या शिट्टीच्या दोरीत ओवली. भंगारवाल्याचा टेंपो येऊन परमुलखातला कचरा घेऊन गेला. काजूची टरफलं मामाला परत गेली, पुन्हा एसटीनं, पुन्हा तिकीट काढून.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. हुपरीच्या मुलीनं छतावरचा आलेख काढला, गुंडाळला आणि मला विचारलं, “सर, डब्यात किती पडलं ते कशाला मोजायचं? ढिगात काय जातंय ते मोजूया की.” तिचं बरोबर होतं, आणि तिला ते माहीत होतं, हा तिचा दोष. पण हे मीच वर्गात शिकवलेलं होतं, म्हणून मी श्रेय थोडं माझ्याकडे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाडलोट झाल्यावर आम्ही त्या दिवसाचा सगळा कचरा ताडपत्रीवर ओतला. हातमोजे पुरेनात. क्रीडासर आपले गोलकीपरचे जुने मोजे घालून आले आणि अंगावर आलेली प्रत्येक बाटली झेलावी तशी उचलायला लागले. बघता बघता एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली. कागद भरपूर होता, पण सगळा भिजून लगदा झालेला. भंगारवाला भिजका कागद घेत नाही, त्यामुळे तो सगळा ढिगात. आणि कागद भिजला होता बाटल्यांमुळे. पाण्याच्या बाटल्या, बहुतेक अर्ध्या भरलेल्या, झाकणं ढिली. पोत्यात पडल्या की सांडणार, आणि त्यांच्याबरोबर चांगला कागद बुडणार.

म्हणजे बाटल्या डब्यात का पडत नाहीत, आणि अर्ध्या का राहतात, एवढंच शोधायचं होतं. आम्ही कट्ट्यांवर जाऊन बसलो. नुसतं बघायला. कॉलेजात जेवढी झाडं तेवढे कट्टे, आणि कट्ट्यावर बसणं हा आमच्याकडे अभ्यासक्रमाचा भागच असल्यामुळे कुणाला संशय आला नाही. मधल्या सुट्टीत मुलं यायची, बाटली उघडायची, दोन घोट घ्यायची, गप्पा मारायची आणि उठून जायची. बाटली कट्ट्यावर तशीच उभी. टोपण लावून, नीट, कडेला.

“फेकत का नाहीस?” मी एकाला विचारलं. शेजारीच तर डबा होता.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला घास टाकून द्यायला सांगितलं. “पाणी हाय की सर तिच्यात. कोण तान्हेला आला तर पिईल.”

मी दुसऱ्याला विचारलं. तेच. तिसरीला विचारलं. “पाणी टाकत्यात व्हय?” आमच्या भागात दारी आलेल्या अनोळखी माणसालाही आधी ‘पावणं’ म्हणून तांब्या पुढे करतात, मग कोण कुठला विचारतात. त्या घरांतून आलेली ही मुलं पाण्यानं भरलेली बाटली कचऱ्यात टाकणार नव्हती, डब्यावर कितीही रंग मारा. आणि दुसऱ्याची उष्टी बाटली कुणी पीतही नव्हतं. म्हणून त्या बाटल्या दिवसभर कट्ट्यावर उभ्या राहायच्या, येणाऱ्या पावण्याची वाट बघत, आणि संध्याकाळी झाडूबरोबर पोत्यात जायच्या. मी याच्यावर माझ्या गटाला एक छोटंसं व्याख्यान दिलं, हातवारे करून, आणि उठून निघालो.

“सर,” हुपरीची मुलगी मागून म्हणाली, “तुमची बाटली.”

मी वळून बघितलं. माझी बाटली कट्ट्यावर होती. अर्धी. टोपण लावून, नीट, कडेला.

मग एका कट्ट्यावर, फक्त एका, आम्ही डब्याशेजारी पाण्याचं पिंप ठेवलं. पाणी पिंपात, बाटली डब्यात. पहिल्या दिवशी मुलांनी पिंपात तोंडं धुतली. दुसऱ्या दिवशी पिंपाला झाकण लावून भोक पाडलं, तर तिथे कुणी फिरकेना. आम्ही पाटी लावली: ‘उरलेले पाणी येथे ओतावे.’ कोल्हापुरी माणसाला ‘ओतावे’ म्हटलं की तो हात खिशात घालतो. ठिपके पुन्हा सपाट.

क्रीडासर पाटी वाचून गेले आणि परत आले ते रंगाचा डबा घेऊन. पाटी उलटी केली आणि मागच्या बाजूला आपल्या हातानं वेडंवाकडं लिहिलं: ‘मैदान तान्हेलंय. पाणी पाजा.’

“ही सुधारणा कशात बसते?” मी म्हणालो. “शुद्धलेखन तरी—”

“मास्तर, गप ऱ्हा. पाणी कुठं जाणार हाय? मैदानातच न्हवं? मग खरंच लिवलंय.”

आणि ते खरंच होतं. पिंप भरलं की क्रीडासर ते स्वतः ढकलत नेऊन गवताला ओतत. त्या पाटीपुढे मुलं थांबायला लागली. पावणा कोण, ते आता कळलं होतं. बाटली उघडायची, पाणी ओतायचं, वर ‘पी बाबा’ म्हणायचं आणि रिकामी बाटली डब्यात. काही मुली तर अख्खी भरलेली बाटली ओतायला लागल्या. एका सकाळी मेकॅनिकलचं पोरगं घरून कॅन घेऊन आलं तेव्हा क्रीडासर व्हरांड्यातून इतक्या जोरात ओरडले, की कँटीनमधली दूध तापवायची पातेली हलली:

“घरनं पाणी आणायचं न्हाय! उरलेलंच वतायचं! कोण इर्षा लावंल त्याला संघातनं काढीन!”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असा विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नव्हता.

आलेख या वेळी उतरत होता, आणि उतरतानाच तो चांगला दिसत होता. चषकाच्या वेळी तो उडाला होता, आता चालत होता, एखाद्या शेतकऱ्यासारखा, न थांबता. एक कट्टा जमला म्हणून दुसरा घेतला, मग तिसरा. कँटीनमध्ये मात्र नाही जमलं. तिथे पाणी नव्हे, चहा उरतो, आणि चहा पाजलेलं गवत कसं दिसतं ते क्रीडासरांनी एका कोपऱ्यात करून बघितलं आणि मग त्या कोपऱ्याची माफी मागितली. कँटीनला वेगळी चाळणीची बादली ठेवली, ती अर्धवट चालली. हॉस्टेल तर अजूनही हाती लागलेलं नाही. तिथली गोष्ट वेगळी आणि वासाची आहे. पण कागद कोरडा राहायला लागला. भंगारवाला स्वतःहून यायला लागला. घंटागाडीवाला फाटकात थांबून आत बघायचा आणि आता हात न जोडता गाडी आत घ्यायचा. ढीग इतका बसला, की एक दिवस केबिनच्या खिडकीतून पलीकडचा गोलपोस्ट पुन्हा दिसला. गवताबद्दल मी बोलत नाही. ते इतकं वाढलं, की एका सामन्यात चेंडू हरवला आणि राखीव खेळाडूंना शोधायला पाठवावं लागलं. कमी करून घ्यायचं असेल तर इथे घ्या.

सत्र संपायच्या सुमारास प्राचार्य मैदानावर आले. स्वतःहून. चपला काढून. क्रीडासरांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यात ते असे दिसत होते, जणू कुणीतरी कपाटाला शर्ट घातलाय. प्राचार्यांच्या हातात नकाशाची गुंडाळी होती. ते ढिगापर्यंत चालत गेले, म्हणजे जिथे ढीग होता तिथपर्यंत, आणि उरलेला छोटा गठ्ठा बघून परत आले. मग हुपरीच्या मुलीकडून आलेख मागून घेतला आणि बराच वेळ बघितला. तिनं विचारलेलं नसताना सगळं समजावलं, त्यात सर बाटली विसरतात हेसुद्धा.

“असं पहा,” प्राचार्य म्हणाले.

क्रीडासरांना धरायला खुर्ची नव्हती. त्यांनी माझा दंड धरला.

“शेड लागेलच. वेगळा केलेला कचरा कुठे तरी ठेवावाच लागतो. पण एवढं मोठं नाही.” त्यांनी नकाशा उघडला आणि बोट तांबड्या शाईवर ठेवलं. मग ते बोट हळूहळू सरकायला लागलं. मध्यरेषेवरून, गोलपोस्टावरून, मैदानाबाहेर. क्रीडासरांचा श्वास मला ऐकू येत होता. बोट व्हरांड्याच्या मागे गेलं, शिक्षकांच्या पार्किंगपाशी थबकलं आणि चिंचेच्या झाडाखालच्या गार सावलीत थांबलं.

“इथे मावेल.”

तिथे माझी गाडी उभी असते. त्या सावलीसाठी मी रोज सकाळी घरून सगळ्यांच्या आधी निघतो.

“सर,” मी म्हणालो, “तिथे जरा अडचण—”

“कसली अडचण न्हाय!” क्रीडासर असे गरजले की चिंचेवरचे पक्षी उडाले. “लगेच करा, सर. मास्तरांचा त्याग लई मोठा हाय. पोरांनो, मास्तरांसाठी एकदा होऊन जाऊ दे!” आणि कुठून कोण जाणे, हलगी आलीच.

शेड सुट्टीत बांधलं. बुटकं, पत्र्याचं, आत रांगेत पिंपं आणि पोती. माझी गाडी आता उन्हात उभी असते. दुपारी दार उघडलं की आत भाकरी भाजता येईल. मी स्टिअरिंगला पंचा गुंडाळून चालवतो. परवा उन्हाचा कडाका होता, सीट पाठीला चिकटली, तेव्हा मी विचार केला, इतकं सगळं केलंय आपण या माणसासाठी. मी गाडी वळवली आणि मैदानाच्या कडेच्या झाडाखाली, रेषेच्या अगदी बाहेर, फक्त पुढचं एक चाक हरळीला लागेल न लागेल असं उभी करायला लागलो.

शिट्टी वाजली.

क्रीडासर मैदानाच्या मध्यातून धावत आले. ते सामना घेत होते. दोन्ही संघ थांबून बघत होते. मला वाटलं, या माणसाच्या डोळ्यांत थोडी तरी ओळख दिसेल. त्यांनी चाकाकडे बघितलं, गवताकडे बघितलं, मग खिशातून लाल कार्ड काढलं आणि हात पूर्ण वर करून माझ्या गाडीला दाखवलं.